पंचेचाळीस सेकंदांची घंटी

विठ्ठलवाडीच्या मैत्री सोसायटीत कुणाचाही फोन वाजला की शिवराम ओव्हाळांचे ओठ हलायला लागत. नवीन भाडेकरूंना वाटे, काका मनातल्या मनात वंदना म्हणतात. तसलं काही नव्हतं. शिवराम घंट्या मोजत. एक ट्रिंगट्रिंग आणि तिच्यामागची शांतता धरून तीन सेकंद, हे गणित चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात राहून अंगात मुरलं होतं. हल्ली फोनात सिनेमातली गाणी वाजतात, पण शिवराम गाण्याच्याही ट्रिंगट्रिंग पाडून मोजायचेच. लाइनमन म्हणून लागले, मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, आणि त्यानंतर करायला काही उरलं नाही म्हणून ते ग्राहक झाले.

ग्राहक आपण सगळेच असतो, पण आपण तो फावल्या वेळात असतो. शिवराम पूर्णवेळ होते. दूरसंचाराचे नियम ठरवणारं जे सरकारी कार्यालय आहे, ते नियम बदलायचा झाला की आधी एक लांबलचक कागद काढून लोकांची मतं मागवतं. त्यात वीस-पंचवीस प्रश्न असतात आणि खाली शेवटची तारीख असते. हे कागद साऱ्या देशात कंपन्यांचे वकील वाचतात आणि विठ्ठलवाडीत शिवराम ओव्हाळ वाचतात. अकरा वर्षांत त्यांनी एकही प्रश्न सोडला नव्हता. उपग्रहावरून फोन द्यावा काय, या प्रश्नाला त्यांनी लिहिलं होतं, ‘उपग्रह खांबापेक्षा उंच असल्याने बिघाड झाल्यास दुरुस्तीला कोण चढणार हे आधी ठरवावे.’ लहरींच्या लिलावाबद्दल लिहिलं होतं, ‘याबाबत मला माहिती नाही, परंतु जे कराल ते नीट करावे.’ पोच यायची. तेवढ्यावर माणूस खूश असायचा.

पण यंदाचा कागद आला आणि शिवरामांची झोप उडाली, कारण सतरावा प्रश्न त्यांच्या घरातला होता. ‘येणाऱ्या फोनची घंटी किती सेकंद वाजावी?’

यामागे भानगड अशी की कंपन्या एकमेकींवर कुरघोडी करायला घंटी आखूड करतात. घंटी लवकर बंद पडली की समोरचा माणूस उलट फोन करतो, आणि फोन लावणाऱ्याची कंपनी घेणाऱ्याच्या कंपनीला पैसे देते, म्हणून त्यात एकीचा फायदा, दुसरीचा तोटा. मग दुसरीही आखूड करते. कागदात याला स्पर्धा म्हटलं होतं. सध्या घंटी तीस सेकंद वाजायची, आणि ती कमी करावी, वाढवावी की आहे तशी ठेवावी, यावर मत हवं होतं.

आता शिवरामांच्या घराची रचना सांगायला हवी. दोन खोल्या आणि गॅलरी. रेंज फक्त गॅलरीत, तीही डावीकडच्या गजापाशी. म्हणून त्या गजाला शिवरामांनी साबणाची डबी तारेने बांधली होती आणि त्यांच्या पत्नीचा, केशरबाईंचा, फोन दिवसभर त्या डबीत बसलेला असे. मुलगा सम्यक घोडबंदर रोडला विसाव्या मजल्यावर राहायचा. दुपारी एक वाजता ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत तो आईला फोन करी. त्या वेळी शिवराम वाचनालयात आणि केशरबाई स्वयंपाकघरात. केशरबाईंचे गुडघे दुखरे. त्या येईयेईपर्यंत घंटी बंद. तो पुन्हा लावायचा, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बहुतेक वेळा त्या पोचायच्या. तिसऱ्यांदाही पोचल्या नाहीत की पोरगं घाबरायचं, आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर घोडबंदरचं ट्रॅफिक, माजिवडा, कोनगाव, दुर्गाडीचा पूल असं सगळं भोगत दोन तासांनी विठ्ठलवाडीत उगवायचं.

“अगं, तुला उलटा फोन लावता येत नाही का?” शिवराम विचारत.

“मला कुठे येतंय ते,” केशरबाई म्हणत. “आणि तो मग मीटिंगमध्ये गेलेला असतो.”

दारात घामेजलेला सम्यक उभा राहिला की शिवरामांना अपराध्यासारखं व्हायचं. ज्याने आयुष्यभर लोकांची घंटी वाजती ठेवली, त्याच्या स्वतःच्या मुलाची घंटी घरात पुरत नव्हती. त्यांनी एकदा केशरबाईंना ओट्यापासून गजापर्यंत चालवून घड्याळ लावून मोजलं. एक्केचाळीस सेकंद. त्यात पदराला हात पुसायचे चार मिळवून पंचेचाळीस. त्याच दिवशी त्यांनी सतराव्या प्रश्नाला उत्तर लिहिलं, ‘घंटी पंचेचाळीस सेकंद करावी. ज्येष्ठ महिलांची आकडेवारी प्रत्यक्ष सादर करीन.’ आठ दिवसांत उत्तर आलं. ठाण्यात खुली चर्चा ठेवली आहे, आपणास तीन मिनिटे देण्यात येत आहेत. नावानिशी आलं होतं, श्री. शिवराम ओव्हाळ, विठ्ठलवाडी. ते पत्र त्यांनी केशरबाईंना दोनदा वाचून दाखवलं.

राहिली आकडेवारी. एका बायकोवर नियम बदलत नाही, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहिलं :

‘दूरसंचार स्पर्धा आणि ग्राहकहित. साठ वर्षांवरील महिलांनी नावे द्यावीत. फोनपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ मोजण्यात येईल.’

वरची ओळ त्यांनी सरकारी कागदावरून जशीच्या तशी उतरवली होती. चूक झाली ती तिथेच. बाजारात त्या शब्दाचा अर्थ काय असेल तो असो, मैत्री सोसायटीत स्पर्धा म्हणजे चमचा-लिंबू, संगीत खुर्ची आणि शेवटी बक्षीस. संध्याकाळपर्यंत नऊ नावं आली. दहाव्या बाईंचं वय अठ्ठावन्न निघालं म्हणून त्या रुसून गेल्या. पाठोपाठ जयंती उत्सव समितीचा सेक्रेटरी धम्मपाल वर आला.

“जय भीम काका. बक्षीस काय ठेवलंय?”

“बक्षीस नाही रे. ग्राहकहित आहे.”

“ते देणार कसं?” धम्मपालने गंभीरपणे विचारलं. “काका, समितीकडे मागच्या जयंतीचा एक कुकर पडलाय, पाच लिटरचा. चमचा-लिंबूच्या टायमाला पाऊस आलेला ना, तेव्हापासून पॅक आहे. तो लावून टाकू. तुम्ही टेन्शन घेऊ नका, मंडप माझा.”

शिवरामांनी त्याला अर्धा तास समजावलं की ही तसली स्पर्धा नव्हे, ही कंपन्यांमधली स्पर्धा. धम्मपाल म्हणाला, कंपन्यांना पण बोलवू, स्पॉन्सर मिळतील. शेवटी शिवराम दमले आणि धम्मपालने ते होकार समजून घेतलं.

रविवारी सकाळी दहाला अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. एका टोकाला चुन्याने चौकोन आखून त्यात ‘किचन’ लिहिलं होतं. दुसऱ्या टोकाला टेबलावर फोन. मधलं अंतर शिवरामांनी स्वतःच्या घरातल्याइतकं मोजून घेतलं होतं, वाटेत मोरीचा उंबरठा म्हणून एक आडवी फळीसुद्धा टाकली होती. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ घेऊन ते प्रत्येकीच्या पाया पडायचे तेवढे बाकी होते.

“सावकाश या. रोज घरात चालता तशा या. घाई करू नका, आपल्याला खरा आकडा पाहिजे.”

पहिल्या आल्या विमलाबाई. वय एकाहत्तर. गुडघ्यांमुळे चार वर्षं दुधाची पिशवीसुद्धा सुनेनेच तिसऱ्या मजल्यावर आणून द्यायची, असा त्यांच्या घरचा शिरस्ता. त्यांनी चौकोनात उभं राहून चपला काढल्या, निऱ्या वर खोचल्या, टेबलाखालच्या कुकरकडे एकदा पाहिलं आणि घंटी वाजताच सुटल्या. फळी त्यांनी ओलांडली नाही, तिच्यावरून उडी मारली. अकरा सेकंद. अंगणात टाळ्यांचा नुसता धुरळा. धम्मपाल माइकवर ओरडत होता, “स्पर्धक क्रमांक एक, विमलाकाकू, रेकॉर्ड टाइम.” सून गॅलरीतून मोबाइलवर व्हिडिओ काढत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की दुधाच्या पिशवीचा प्रश्न आज संध्याकाळी निकालात निघणार आहे.

मग काय, सगळ्याच पळाल्या. तेरा, अठरा, बारा. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी काठी घेऊन आल्या, घंटी वाजल्यावर काठी फेकून दिली आणि सोळा सेकंदांत पोचल्या. शिवराम वहीत आकडे लिहीत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. पंचेचाळीस सेकंदांची बाजू मांडायला त्यांनी ज्या बायका जमवल्या, त्याच बायका एकेक करून ती बाजू तुडवत होत्या. आता त्यांची सगळी भिस्त शेवटच्या नावावर होती. केशरबाई.

केशरबाईंना मुळात उतरायचंच नव्हतं. त्या खुर्चीत पदर सावरून बसून होत्या. पण विमलाबाईंना जिंकल्याची धुंदी चढली होती. पाण्याचा ग्लास हातात घेऊन त्या मोठ्याने म्हणाल्या, “केशरबाईंना सोडा. त्यांना फोनपर्यंत जायचं म्हणजे इथून खडवलीला जायचं. पोरगं बिचारं फोन लावून लावून दमतं.”

लोक हसले. केशरबाई उठल्या. चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या.

“सावकाश ये गं,” शिवराम म्हणाले. त्यांच्या आवाजात काकुळती होती.

घंटी वाजली. शिवरामांचे ओठ हलायला लागले, ट्रिंगट्रिंग तीन, ट्रिंगट्रिंग सहा, ट्रिंगट्रिंग नऊ, आणि फोन केशरबाईंच्या कानाला लागलेला होता. नऊ सेकंद. शिवराम हातातल्या घड्याळाकडे, मग बायकोकडे, मग पुन्हा घड्याळाकडे बघत राहिले. धम्मपालने त्यांच्याच हस्ते केशरबाईंना कुकर देववला. फोटोत शिवराम असे आलेत की बक्षीस त्यांच्याकडून जबरदस्तीने काढून घेतलंय.

घरी आल्यावर कुकर ओट्यावर ठेवून केशरबाई भाजी निवडायला बसल्या. शिवराम समोर बसले.

“एक्केचाळीस होते,” ते म्हणाले. “मी स्वतः मोजलेले.”

“तुम्ही मोजत होतात म्हणून तर.”

“आणि रोजचं?”

केशरबाईंनी थोडा वेळ मेथीच्या काड्या वेगळ्या केल्या. मग त्या म्हणाल्या, “उचलला की विचारतो, बरी आहेस ना. मी म्हणते बरी. बरी म्हटल्यावर ठेवतो. बऱ्या माणसाकडे कोण कशाला येईल? नाही उचलला की येतो.”

“म्हणजे तू मुद्दाम?”

“महिन्यातनं दोनदाच. जास्त केलं तर त्याला कळेल.” त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. “तुम्हाला वाटतं मी इथे बसून राहते. मी तिथे गजापाशीच उभी असते. त्याचं नाव दिसत असतं. तीस सेकंद काय कमी असतात का हो? हात जातो नुसता. एकदोनदा तर उचललाच गेला. त्यापेक्षा पंधरा-वीस असते तर निभलं असतं.”

शिवरामांना राग यायला हवा होता, आणि तो आला नाही. चौतीस वर्षं त्यांनी घंटी वाजली की माणसाने उचलावी एवढंच धरून काम केलं होतं. वाजू देण्यातही काही असतं हे खात्याने कधी शिकवलं नव्हतं.

ठाण्याच्या सभागृहात एसी इतका होता की कंपन्यांच्या माणसांना कोट का लागतात ते शिवरामांना लगेच उमगलं. डावीकडे कंपन्या, उजवीकडे ग्राहक संघटना, मध्ये व्यासपीठावर कार्यालयाच्या अधिकारी, वल्लरी मॅडम, समोर तीन मिनिटांचं घड्याळ ठेवून. सम्यकने एका दिवसाची रजा काढली होती. पप्पांना सरकारने बोलावलंय हे त्याने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. तो तिसऱ्या रांगेत बसला होता. ठरलं असं होतं की चर्चा संपली की तो पप्पांना ठाणे स्टेशनला सोडणार आणि घरी जाणार.

शिवरामांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी वही उघडली.

“नऊ महिला. वय साठ ते चौऱ्याहत्तर. फोनपर्यंत पोचायला लागलेला सरासरी वेळ, चौदा सेकंद.”

वल्लरी मॅडमनी हातातला कागद पाहिला. “पण आपल्या पत्रात पंचेचाळीस आहे.”

“ते पत्र स्पर्धेच्या आधी लिहिलेलं, मॅडम.”

“स्पर्धेच्या म्हणजे, बाजारपेठेतल्या?”

“नाही. अंगणातल्या.”

मॅडमनी तेही लिहून घेतलं. “मग आता आपली सूचना काय?”

शिवरामांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सम्यक मान हलवून धीर देत होता, बोला पप्पा, बोला. वहीत पंचेचाळीस लिहिलेलं होतं, तीनदा अधोरेखित केलेलं.

“तिसाचे वीस करा,” शिवराम म्हणाले.

डावीकडून टाळ्या आल्या. एका कंपनीचा माणूस उठून म्हणाला की इतका समंजस ग्राहक त्याने वीस वर्षांत पाहिलेला नाही. उजवीकडून ग्राहक संघटनेचे एक गृहस्थ त्याहून जोरात उठले आणि म्हणाले, हा माणूस कंपन्यांनी पेरलेला आहे, याची चौकशी व्हावी. शिवरामांच्या ते वर्मी लागलं. अकरा वर्षं, प्रत्येक कागद, प्रत्येक प्रश्न, आणि आज हे ऐकायचं.

“शांत राहा,” वल्लरी मॅडम म्हणाल्या. “काका, नोंदीला कारण लागतं. वीस का?”

कारण तिसऱ्या रांगेत बसलं होतं. त्याच्यासमोर ते सांगता येत नव्हतं, आणि खोटं लिहून द्यायची शिवरामांना सवय नव्हती. घड्याळात अकरा सेकंद उरले होते.

“काही ग्राहकांचं हित,” ते म्हणाले, “फोन न उचलण्यात असतं.”

मॅडमनी शेजारच्या लेखनिकाला सांगितलं, “लिहा. न उचललेल्या फोनमधील ग्राहकहित. मुद्दा विचारार्थ.” आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आले तेव्हा एक वाजून गेला होता. गाडीत बसल्यावर शिवराम मुलाच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. पंचेचाळीसचं काय झालं, असं तो विचारणार आणि आपण काय सांगणार, हेच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. मागच्या सीटवर सम्यकचं जाकीट होतं, सभेआधीच बंद करून ठेवलेला फोन त्या जाकिटाच्या खिशात. गाडी सुरू करून सम्यकने पट्टा लावला.

“पप्पा, विमलाकाकूंच्या सुनेने बिल्डिंगच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय,” तो म्हणाला. “आईचा. नऊ सेकंद.”

शिवरामांनी खिडकीबाहेर पाहिलं. “कुकर होता ना बक्षीस,” ते म्हणाले. “म्हणून पळाली असेल.”

“हो. म्हणूनच असेल.”

गाडी निघाली. स्टेशनकडे जाणारं वळण आलं आणि मागे गेलं. शिवरामांना वाटलं पोराचं लक्ष नाही. माजिवड्याला घोडबंदरकडे जाणारी रांग लागली होती, त्याचं घर तिकडे. सम्यकने तिकडेही वळवली नाही. गाडी नाशिक रस्त्याला काढून तो कल्याणच्या दिशेने निघाला.

“अरे, इकडे कुठे?” शिवरामांनी विचारलं. “तुला घरी जायचं होतं ना?”

“काय करणार पप्पा,” सम्यक रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. “आईला तीनदा फोन लावला. उचलत नाहीये.”

शिवरामांनी मागे वळून पाहिलं. जाकीट मघापासून होतं तसंच पडलेलं होतं.